ग्रीकांची देवी अथीना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा वर्धापनदिनासाठी ‘देवी’ हा विषय ठरला आणि चिठ्ठ्या टाकल्या. अमरावतीची अंबादेवी, माहूरची रेणुका, तुळजाभवानी अशा चांगल्या चांगल्या चिठ्ठ्या बाकीच्यांना आल्या. माझ्या चिठ्ठीत ‘परदेशातील एखादी देवी’ असे निघाले. सातवी शिकलेल्या बाईने परदेशातील देवी कोठून आणावी? माझा भाचा इतिहास शिकतो, त्याने अमरावतीहून दोन पुस्तके आणून दिली आणि काही चित्रे छापून दिली. दुपारची कामे आटोपल्यावर महिनाभर मी ती वाचीत होते. चित्रे तुमच्या हातात देते. एकमेकींना दाखवा, फक्त कोपरे दुमडू नका.

पहिले चित्र मी शेजारच्या काकूंना दाखविले. डोक्यावर टोप, बाजूला ढाल, ढालीच्या आत वेटोळे घातलेला साप. काकू म्हणाल्या, “देवी कायची व माय ही? ना वाघ, ना सिंह, ना चार हात. पोलिसातली बाई दिसते.” मला हसू आले. पण काकूंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, कारण या देवीला दोनच हात असतात आणि वाहनही नसते. तिला ओळखायचे ते टोपावरून, भाल्यावरून आणि जवळ बसलेल्या घुबडावरून. आपल्या अंगणात घुबड ओरडले की जिवाचा थरकाप होतो. अथेन्सच्या लोकांनी मात्र ते आपल्या चांदीच्या नाण्यांवर उमटविले होते.

तर ही अथीना. ग्रीस देशातील अथेन्स शहराची ग्रामदेवता. ती बुद्धीची देवी, युद्धाची देवी आणि सूत कातण्या-विणण्याचीही देवी. आपण विद्या म्हटली की सरस्वतीकडे पाहतो आणि लढाई म्हटली की दुर्गेकडे. वेरूळच्या कैलास लेण्यात ज्या गेल्या असतील त्यांनी पाहिले असेल, सिंहावर बसलेली दुर्गा धनुष्य ताणून महिषासुरावर चालून जाते आहे. त्याच कैलासाच्या आवारात गंगा आणि यमुना यांच्या शेजारी सरस्वती वेगळ्या देवडीत शांत उभी आहे. ग्रीकांनी ही दोन्ही कामे एकीच्याच अंगावर टाकली, वर विणकामही दिले. घरातल्या थोरल्या सुनेसारखे.

इतक्या लांबच्या देवीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. मलाही तसेच वाटले होते. पण मिलिंद हे नाव घ्या. आपल्या गावात दर दोन-चार घरांआड एक मिलिंद सापडेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले त्याचेही नाव मिलिंद महाविद्यालय, आणि त्या परिसराला नाव नागसेनवन. हा मिलिंद म्हणजे मिनँडर नावाचा ग्रीक राजा. सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी त्याचे राज्य पंजाबात आणि त्यापलीकडच्या मुलखात होते. सागल, म्हणजे आजचे सियालकोट, ही त्याची राजधानी. नागसेन नावाच्या भिक्खूला त्याने जे प्रश्न विचारले त्यांचा पाली ग्रंथ आहे, ‘मिलिंदपञ्ह’. त्यात एक मोठी मजेची गोष्ट आहे. राजा वाद घालायला बोलावतो तेव्हा नागसेन विचारतो की पंडितांसारखा वाद करणार की राजांसारखा? पंडित हरला तरी रागावत नाही. राजाचे म्हणणे मान्य केले नाही तर तो शिक्षा फर्मावतो. राजा म्हणतो, पंडितांसारखाच करू.

या मिलिंदाच्या चांदीच्या नाण्याचे चित्र पाहा. एका बाजूस राजाचा मुखवटा आहे, आणि दुसऱ्या बाजूस ही आपली अथीना. एक हात वर उचलून ती वज्र फेकते आहे, दुसऱ्या हातावर ढाल आहे. भोवती खरोष्ठी लिपीत ‘महाराजस त्रातरस मेनंद्रस’ असे लिहिले आहे, म्हणजे तारणाऱ्या महाराज मिनँडराचे. राजाचे नाव आपल्याकडच्या भाषेत, देवी ग्रीकांची, आणि हातात इंद्रासारखे वज्र. नागसेनापुढे जो पंडितासारखा बसला त्याच्या पैशावर देवी मात्र लढणारीच आहे. बाजारात पैसा चालायचा तर राजा बलवान दिसला पाहिजे, असा त्याचा हिशेब असावा, असे मला वाटते. (त्याच्या दुसऱ्या काही नाण्यांवर नुसता अथीनेचा मुखवटा आणि मागे घुबड असेही आहे.)

पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहून ठेवली आहे. तीत तो सांगतो की भडोचच्या बंदरात मिनँडरची जुनी नाणी अजून चालतात, आणि पैठण व तेर येथून गाड्या भरून माल भडोचला येतो. हे वाचले तेव्हा मी वही बाजूला ठेवून जरा वेळ बसले. पैठणच्या एखाद्या गाडीवानाने कंबरेच्या कशात बांधून ही टोपवाली देवी घरी आणली असेल, आणि त्याच्या बायकोने दिव्याशी धरून विचारले असेल, ही कोण बाई? तसे झालेच असे कोणी सांगू शकत नाही, पण मला ती बाई दिसते.

त्या काळच्या लेखांत ‘यवन’ हा शब्द ग्रीकांना आणि त्यांच्या बाजूने आलेल्या लोकांना लावीत. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर लेख कोरले आहेत, त्यांतले कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेले. त्याच लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आईचे देऊळ आहे. दर्शनाच्या गर्दीत खांबांकडे कोण पाहणार? पण पुढच्या वेळी गेलात तर जरा आत जाऊन या. बौद्ध लेणे, यवनांचे खांब आणि दारात आपली एकवीरा, हे सर्व एकाच डोंगरावर सुखाने नांदते आहे.

आता अथेन्सला जाऊ. तेथे टेकडीवर पार्थेनॉन नावाचे संगमरवरी देऊळ आहे. त्यात फिडियस या शिल्पकाराने अथीनेची सोन्याची आणि हस्तिदंताची मूर्ती केली, ती इसवी सनापूर्वी ४३८ साली बसविली. उंची जवळजवळ चाळीस फूट. उजव्या तळहातावर विजयादेवी, डाव्या बाजूस ढाल, आणि काकूंना खटकलेला तो साप. मूळ मूर्ती आज नाही. अथेन्सच्या संग्रहालयात तिची लहानशी दगडी नक्कल आहे, तुमच्या हातातले चित्र त्या नकलेचे. मूळ मूर्तीवर हजार किलोहून अधिक सोने होते म्हणतात, आणि ते असे बसविले होते की उतरवता यावे. पेरिक्लीस नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याने लढाईचा खर्च मांडताना हे सोनेही हिशेबात धरले आणि पुढे परत करण्याच्या बोलीवर वापरू म्हणाला. अडीअडचणीला मोडायचे आणि दिवस फिरले की पुन्हा करायचे, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. पाटल्या अशाच जातात, आणि परत येतातच असे नाही. तिथलेही सोने पुढे एका सत्ताधाऱ्याने उतरविले, अशी हकीकत आहे.

पण मला जास्त आवडली ती दुसरी मूर्ती. त्याच टेकडीवर ऑलिव्हच्या लाकडाची एक जुनी मूर्ती होती. ती आकाशातून पडली असे लोक मानीत, म्हणजे आपण स्वयंभू म्हणतो तशी. तिचे रूप फारसे घडीव नसावे. खरी भक्ती तिची होती. सोन्याच्या मूर्तीला पाहायला परगावचे लोक येत, आणि नवे वस्त्र मिळे ते या लाकडी देवीला. आपल्याकडे शेंदूर लावलेल्या तांदळ्याला साडीचोळी नेसवतो, अगदी तसेच. हे वस्त्र अथेन्सच्या मुली आणि बायका महिनोन्महिने विणीत. त्यात देव आणि राक्षस यांच्या लढाईची चित्रे काढीत, आणि उत्सवाच्या दिवशी मिरवीत नेत. पार्थेनॉनच्या भिंतीवर एक लांब कोरीव पट्टी होती, तिच्यातला पूर्वेकडचा भाग लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. त्याच्या मधोमध काय कोरले आहे? लढाई नाही, राजा नाही. एक मोठे माणूस आणि एक मूल मिळून एका वस्त्राची घडी घालीत आहेत. धुतलेल्या चादरीची दोन टोके धरून आपण लेकीबरोबर जशी घडी घालतो तशी. सगळ्या चित्रांत हे मी पुनःपुन्हा पाहिले.

अथेन्सला हे नाव कसे मिळाले याची एक गोष्ट रोमच्या वारो नावाच्या पंडिताने सांगितली होती. आमच्या चांदूरला तर रेल्वेने नाव दिले, नाही तर चांदूर बाजारच्या पत्रांत आमची पत्रे गेली असती. अथेन्समध्ये समुद्रदेव आणि अथीना यांच्यात शहराच्या मालकीवरून स्पर्धा लागली. एकाने खाऱ्या पाण्याचा झरा काढला, हिने ऑलिव्हचे झाड दिले. मग मतदान झाले. पुरुषांनी सारी मते समुद्रदेवाला दिली, बायकांनी अथीनेला. बायका एकीने जास्त होत्या, म्हणून देवी निवडून आली. समुद्र रागावला आणि त्याने शेतात पाणी घातले. त्याचा राग शमावा म्हणून शिक्षा झाली ती बायकांना. यापुढे त्यांना मत नाही, आणि मुलांनी आईचे नाव लावायचे नाही. देवी बसली गावात, आणि तिला बसविणाऱ्या बसल्या घरात. गोष्ट खरी असो वा रचलेली, पण अथेन्सच्या बायकांना सभेत मत नव्हते हे मात्र खरे आहे. महाराष्ट्रात २०११ पासून गावच्या कारभारात निम्म्या जागा बायकांना आहेत. तरी सरपंचबाईच्या खुर्चीवर मालक बसलेले आपण पाहतोच. असो, तो विषय निराळा.

अथीनेच्या जन्माचीही पुष्कळ चित्रे आहेत, मातीच्या रांजणांवर काळ्या रंगात काढलेली. देवांचा राजा झ्यूस बसला आहे, कुऱ्हाड घेतलेला एक देव बाजूला उभा आहे, आणि झ्यूसच्या डोक्यातून टोप, भाला, ढाल यांसह एवढीशी अथीना वर निघते आहे. सगळे देव हात उंचावून बघताहेत. आता तिची आई कोठे आहे? तिच्या आईचे नाव मेटिस. मेटिस म्हणजेच शहाणपण. तिच्या पोटी जन्मणारे मूल आपल्याला भारी पडेल या भीतीने झ्यूसने गरोदर मेटिसला गिळून टाकले. म्हणून रांजणावर बाप आहे, सुईणीचे काम करणारा कुऱ्हाडवाला आहे, बघे आहेत, पण आई नाही. बुद्धी बापाच्या डोक्यातून आली असे सांगायचे तर आईला आधी गिळावे लागते, इतके त्या लोकांना कळत होते.

आता ते मोठे रंगीत चित्र घ्या. हे ग्रीकांचे नव्हे. स्पेनच्या वेलाझ्केझ या चित्रकाराने सतराव्या शतकाच्या मध्यावर ते काढले, आणि माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ते आहे. समोर पाच बायका कामात आहेत. डोक्याला फडके बांधलेली म्हातारी चरख्याजवळ बसली आहे. चरखा इतका जोरात फिरतो आहे की आरे दिसतच नाहीत. पाठमोरी तरुण बाई सूत गुंडाळते आहे. खाली मांजर बसले आहे. पलीकडच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. तिथे ज्यांनी चरखा चालविला असेल त्यांना हा हात ओळखू येईल. १८६७ साली मुंबईची रेल्वे आपल्या गावावरून नागपूरला पोचली, ती प्रामुख्याने वऱ्हाडचा कापूस न्यायला. पऱ्हाटी आपली, वेचताना बोटे फाटतात ती आपली, आणि सूत कोठले कोठे. म्हणून या पाच जणी मला आपल्याच वाटल्या.

पुष्कळ वर्षे लोक समजत होते की हा नुसता विणकरांचा कारखाना आहे. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ओळखले की मागच्या उजेडाच्या खोलीत टोप घातलेली जी लहानशी बाई हात उगारून उभी आहे ती अथीना, आणि तिच्यासमोर आहे अरॅक्नी. ही अरॅक्नी रंगाऱ्याची मुलगी, गरीब घरची, पण विणण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. देवीपेक्षा मी चांगले विणते, असे ती म्हणाली. देवी आधी म्हातारी होऊन समज द्यायला आली. पोरीने ऐकले नाही. मग दोघी मागावर बसल्या. देवीने आपल्याच विजयाचे चित्र विणले. पोरीने देवांनी बायकांना कसे फसविले ते विणले. रोमचा कवी ओव्हिड सांगतो की त्या कापडात देवीलाही खोड काढता आली नाही. तेव्हा तिने ते फाडले आणि धोट्याने पोरीच्या कपाळावर मारले. पोरीने गळफास घेतला, आणि देवीने तिचा कोळी करून टाकला.

मला ही गोष्ट पटली नाही, हे मी स्पष्ट सांगते. शिकविणाऱ्याने शिकणारीवर हात उगारावा, तोही ती चांगली निघाली म्हणून, ही बुद्धीची देवी कसली? नागसेनाने मिलिंदाला जे विचारले तेच कोणी तिला विचारायला हवे होते. पण चित्रकाराचे मला कौतुक वाटते. त्याने देवीला लांब आणि लहान काढले, आणि राबणाऱ्या पाच जणींना आपल्या अगदी समोर, अंगावर येतील एवढ्या मोठ्या काढले. काही जाणकार म्हणतात की चरख्यावरची म्हातारी म्हणजेच वेष पालटून आलेली अथीना. तसे असेल तर टोप घालून हात उगारणारी आणि फडके बांधून कातणारी एकच. मला कातणारीच बरी वाटते.

शेवटचे चित्र अगदी साधे आहे. हातभर उंचीचा दगड, सुमारे चोवीसशे ऐंशी वर्षांपूर्वीचा, अथेन्सलाच आहे. अथीना अनवाणी उभी आहे. भाल्यावर कपाळ टेकले आहे, मान खाली घालून समोरच्या एका दगडी खांबाकडे पाहते आहे. तो खांब कसला यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी म्हणतात शिवेचा दगड, कोणी म्हणतात त्यावर लढाईत गेलेल्यांची नावे आहेत. मी ते चित्र स्वयंपाकघरात लावले आहे. आपल्या भागात नापिकीच्या वर्षांत ज्या घरांतून माणसे गेली त्या घरच्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या अशाच दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहतात, आणि पाचव्या दिवशी निंदायला जातात.

एवढे सांगून मूळ मुद्द्यावर येते. अथीना दोन्ही कामे करते याचे आपल्याला नवल वाटते, पण आपल्या घरात नवरात्राच्या शेवटी काय होते ते पाहा. खंडेनवमीला विळा, विळी, डवरा, कुऱ्हाड धुऊन ठेवतो. आता शिलाई मशीनलाही फूल वाहतो. दसऱ्याला पोरे पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, तिच्याशेजारी वह्या-पुस्तके. पुष्कळ घरांत हे सारे एकाच पाटावर असते. रविवर्म्याने १८९६ साली सरस्वतीचे चित्र काढले, वीणा, पोथी, माळ आणि जवळ मोर, आणि त्याच्या छापखान्यातून देवीदेवतांची चित्रे घरोघर गेली. ती सुंदर आहेत. तरी आकड्यांची सरस्वती मला जवळची, कारण ती पोरांना स्वतः काढता येते. मीही काढीत असे, सातवीपर्यंत. पुढच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी जावे लागे, आणि मुलीने एवढे चालून काय करायचे, असे घरी ठरले. पाटी पुढची काही वर्षे धान्याच्या कणगीवर झाकण म्हणून होती.

आपल्या मंडळाच्या खोलीत दोन शिलाई मशीन आहेत आणि पुस्तकांचे एक कपाट आहे. कपाट काढून तेथे तिसरे मशीन ठेवावे, असा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. ठराव आणणाऱ्यांचे कारण खोटे नाही. मशीनवर पोरी चार पैसे मिळवतात, आणि कपाट महिन्यातून चारदा उघडते. पण या भाषणासाठी मी जे वाचले त्यातले अर्धे याच कपाटात होते. मिलिंद राजावरचे पुस्तक सात वर्षांत कोणी नेले नव्हते, आता माझ्यामागून तिघींनी नंबर लावला आहे. शिवणाऱ्या पोरींपैकी दोघी दहावीला बसणार आहेत. त्यांची पुस्तके ठेवायला घरी जागा नाही, म्हणून ती याच कपाटात आहेत.

मी काल खोलीत जाऊन टेपने मापे घेतली. कपाट सव्वातीन फूट रुंद आहे. खिडकीखाली चार फूट भिंत मोकळी होते, तिथे उजेडही चांगला आहे. आज तेथे सतरंज्यांची चळत आहे, म्हणून ती जागा डोळ्यांत भरत नाही. सतरंज्या आमच्या माडीवर ठेवायला घरच्यांची संमती मी घेतली आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निरोप पाठवा, मुलगा आणून टाकील.